बांधावरच्या अठ्ठेचाळीस वाट्या

नंदकिशोर निरगुडेला आधी वाटलं, बांधावर कुणाची तरी पंगत बसणार आहे. शनिवारची दुपार होती, जानेवारीचं कोवळं ऊन होतं आणि त्याच्या आणि बहिणीच्या द्राक्षबागांमधल्या बांधावर स्टीलच्या वाट्याच वाट्या चमकत होत्या. एका रांगेत बारा, अशा चार रांगा. दोन रांगा तिच्या हद्दीत, एक बांधाच्या माथ्यावर आणि चौथी चक्क त्याच्या हद्दीत, दादांच्या ओळीखाली. ती चौथी रांग पाहिली आणि नंदूची तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तरातरा बांधापर्यंत आला आणि थबकला. भांडायचं तर बोलायला हवं, आणि बहिणीशी, सुवर्णाताईशी, तर त्यानं चार वर्षांत चकार शब्द काढलेला नव्हता. मग त्यानं कुत्र्याला हाताशी धरलं.

“खंड्या,” तो मोठ्यानं म्हणाला, “लोकांना हद्द कळत नाही का रं? सरकारनं उपग्रहावरून मोजून दिली, तरी कळत नाही?”

सुवर्णाताई वाकून शेवटची वाटी जमिनीत दाबून बसवत होती. तिनं मान वर केली नाही. तीही खंड्यालाच म्हणाली, “खंड्या, तुझ्या मालकाला सांग, सोमवारी पहाटे उणे पाच होऊ राह्यलंय. हद्द गोठल्यावर मोजत बस म्हणावं.”

लेकी बोले सुने लागे हा प्रकार निफाड तालुक्याला नवा नाही, पण कुत्र्याच्या मार्फत चाललेला संवाद धारणखेड्यात हाच पहिला. खंड्या बिचारा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं, आणि शेपूट हलवून दोघांनाही हो म्हणे.

भांडण काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे. वडील, म्हणजे दादा, गेले तेव्हा गावाच्या रिवाजाप्रमाणे सुवर्णानं हक्कसोड पत्रावर सही करावी, भावाकडून साडी-चोळी घ्यावी आणि ओझरला आपल्या घरी सुखानं नांदावं, अशी नंदूची आणि अख्ख्या भावकीची अपेक्षा होती. कागद तयार होता, पेन पुढं केलेलं होतं. सुवर्णानं पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. पंचवीस वर्षं तंत्रनिकेतनात सिंचन शिकवणारी बाई, तिला स्वतःची बाग करायची होती. आठ एकरांतली चार एकर तिच्या वाट्याला गेली. भांड्यांतून तिनं आईच्या अठ्ठेचाळीस वाट्या तेवढ्या मागून घेतल्या. “जमीन नेली ती नेली, वाट्यासुद्धा सोडल्या नाहीत,” असं नंदू तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, आणि ते तिच्या कानावर गेलं होतं.

मोजणीची रेघ नेमकी दादांच्या ओळीपाशी आली. ही ओळ म्हणजे द्राक्षाच्या चौदा वेली. वीस वर्षांपूर्वी दादांना बागेत एक वेगळी फांदी दिसली होती. सगळी पानं उन्हानं करपत असताना ती एकटी हिरवीगार उभी होती. निसर्गात असा बदल कधीमधी आपसूक होतो. दादांनी तिच्या काड्या घेऊन चौदा कलमं बांधली. आता उन्हाळा सत्तेचाळीस अंशांवर जाऊ लागला, जुने वाण एकेक करून माना टाकू लागले, आणि ही ओळ मात्र मणी धरत होती. मार्चमध्ये वाणाची नोंदणी करणारे तपासनीस येणार होते. दादांच्या नावाचं द्राक्ष जगात येणार, याच एका स्वप्नावर नंदू जगत होता.

आणि इथंच त्यानं एक अस्सल निरगुडे छापाची चूक करून ठेवली होती. नोंदणी होईपर्यंत त्या ओळीची एक काडीसुद्धा त्यानं बाहेर जाऊ दिली नव्हती. दुसऱ्या शेतात लावली नाही, रोपवाटिकेत दिली नाही, ताईच्या शेतात तर नाहीच नाही. सारं जग एकीकडं आणि ह्या चौदा वेली एकीकडं. त्या मेल्या की संपलं. कलमाचा खुंट रानटी वेलीचा असतो, वरचा भाग मेला तर खालून फुटेल ते रानटीच.

“वाट्या उचला म्हणावं, खंड्या,” नंदू म्हणाला. “आपल्याकडं अचूक आहे.”

अचूक हे नोझलचं नाव. स्प्रिंकलरच्या तोंडाशी बसतं ते नोझल. पाणी किती रुंद फाकायचं, किती लांब जायचं, हे ठरतं त्याच्या तोंडाच्या आकारावर आणि कोनावर. जुन्या पितळी नोझलचं तोंड एकदा घडलं की घडलं. अचूकचं तोंड मात्र बारा पाकळ्यांचं. पाकळ्या अशा प्लॅस्टिकच्या की विजेचा इशारा मिळताच वळतात, मिटतात, पसरतात. वारा सुटला की कोन खाली, पडला की वर. कोपरा आला की धार निमुळती, मोकळं रान आलं की फाकलेली. शेताचा नकाशा त्याच्या पोटात आणि हद्द बोटभर रुंदीची. ‘आपलं पाणी आपल्या बांधात’ हे कंपनीचं ब्रीद. नंदूनं सगळ्यात आधी बसवून घेतलं, आणि वर सीमा-कुलूपही लावून घेतलं. म्हणजे बांधापलीकडं एक थेंब जाणार नाही अशी व्यवस्था, स्वतःच्या अंगठ्यानं बंद केलेली. ते उघडायचं तर बांधाच्या दोन्ही बाजूंच्या मालकांच्या सह्या लागत.

पाहता पाहता गावभर अचूक झालं. पाणी खरोखरच वाचलं, पिकं खरोखरच चांगली आली, त्याबद्दल दुमत नाही. फक्त बांध सुकले. बांधावरचं गवत गेलं, बोरी गेल्या, आणि ‘अरे, तुझं पाणी माझ्या कांद्यात येतंय’ म्हणून आरडाओरडा करायला लोक बांधावर यायचे तेही थांबले. भांडणाच्या निमित्तानं का होईना, माणसं भेटत होती. आता तेवढंही कारण उरलं नव्हतं.

सुवर्णाताईनं मात्र जुने पितळी, टकटक करत फिरणारे स्प्रिंकलर ठेवले होते. आता तिनं मनगटावरचं घड्याळ सारखं केलं आणि खंड्याला सांगितलं, “तासभर पाणी सोड म्हणावं. कुठल्या वाटीत किती पडतंय ते बघू तर दे, अचूक काय दिवे लावतंय ते.”

नंदूनं सोडलं. आव्हान म्हटल्यावर निरगुडे मागं हटतो थोडाच?

तासानं दादांच्या ओळीखालच्या वाट्या तपासल्या, तर प्रत्येकीत पाणी सारखं. आतल्या बागेत मोबाइलवर दिसत होतं तितकंच, मिलिमीटरचाही फरक नाही. नंदूच्या मिशीत हसू मावेना. “खंड्या, बघ! अठ्ठ्याण्णव टक्के समान. यंत्र आहे ते, वाटी नाही.”

“पाणी सारखंच आहे,” ताई म्हणाली. या वेळी ती कुत्र्याला विसरली होती. “पण केव्हा केव्हा पडलं, ते मी लिहिलंय. आतल्या वेलीवर दर तीस सेकंदांनी पडतं. ह्या ओळीवर चार मिनिटांनी एकदा. हद्द सांभाळायची म्हणून नोझल तोंड बारीक करतं, वारा थांबायची वाट बघतं, मग नेम धरून भसकन ओततं. रोजच्या पाण्याला त्यानं काही बिघडत नाही. गोठणाऱ्या थंडीत बिघडतं.”

“ते कसं?” नंदूच्या तोंडून गेलं. गेलं ते गेलंच. त्यानं घाईनं खंड्याकडं बघितलं, पण खंड्या केव्हाच सावलीत जाऊन झोपला होता.

ताई बांधावर बसली. वर्गात बसल्यासारखी बसली, हे नंदूच्या लक्षात आलं. “शेकोट्या पेटवून एखाद-दोन अंश निभतात. उणे पाचाला शेकोटी म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. तिथं पाणीच लागतं. पाणी गोठताना ऊब देतं, नंदू. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना ऐंशी कॅलरी बाहेर पडतात. वेल सतत भिजत राहिली, तर तिच्यावर बर्फ चढत जातो, आणि आतली काडी शून्याच्या खाली जातच नाही. बर्फच तिचं घोंगडं होतो. पण सतत, हे महत्त्वाचं. कारण तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं, तर जवळजवळ सहाशे कॅलरी घेऊन जातं. दर अर्ध्या मिनिटाला पाणी मिळालं तर ऐंशी-ऐंशी जमा होत राहतात. चार मिनिटं खंड पडला, की उडणारं पाणी सगळी ऊब चोरून नेतं. अर्धवट भिजलेली वेल कोरड्या वेलीच्याही आधी मरते.”

नंदूनं ओळीकडं बघितलं. हिरवट-पिवळे लांब मणी, त्यावर पांढुरकी पूड. दादांनी ह्या वेलींना पाणी घालताना कधी चप्पल घातली नव्हती.

घरी जाऊन त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. “सर, सिस्टिम अठ्ठ्याण्णव टक्के समान आहे.”

“समानतेचं लोणचं घालू का? कुलूप काढा.”

“दोन्ही मालकांच्या सह्या आणि आमचा तंत्रज्ञ, सर. तो बुधवारी येईल.”

“थंडी सोमवारी येऊ राह्यली, भाऊ!”

“बुधवारी सकाळी नक्की, सर.”

नंदूनं फोन ठेवला. अचूकचं तोंड काढून पितळी नोझल बसवावं, तर त्याचे आटेच वेगळे, पाइपसुद्धा सीलबंद. त्याची बायको अर्चना भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची नजर न काढता विचारलं, “मग? आता वन्संकडं जायचं की बुधवारची वाट बघायची?”

“तिच्या दारात जाऊ मी?”

“दारात नका जाऊ. पंपाच्या खोलीत आहेत त्या. मघापासून नोझलं निवडत बसल्यात.”

“तुला काय माहीत?”

“माझं तोंड काय तुमच्या कुलपात आहे होय?” अर्चना म्हणाली.

नंदूला तेव्हा कळलं, की चार वर्षं घरात येणारी ओझरची चकली कुठल्या दुकानातली होती ते.

रविवारी सकाळी तो बांध ओलांडून पलीकडं गेला. पंपाच्या खोलीत सुवर्णाताईनं पोत्यावर पितळी नोझलांची रास मांडली होती आणि एकेक उचलून डोळ्याजवळ धरून बघत होती.

“ताई,” नंदू म्हणाला. एवढंच. पुढचं वाक्य त्यानं रस्त्यात तीनदा जुळवलं होतं, ते सगळं पळालं.

ताईनं त्याच्याकडं पाहिलं. मग शेजारचं पोतं थोडं सरकवलं. “बस. हे धर. भोक किती मिलिमीटरचं आहे, वाच. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही.”

ती दोघं दुपारपर्यंत नोझलं निवडत राहिली. खरं सांगायचं तर नंदूला लहानपणीसारखी मजा वाटू लागली होती. दादांच्या ओळीसमोर ताईचे चार स्प्रिंकलर होते. तिथून ओळ चौदा मीटरवर. आताची नोझलं अकरा मीटर टाकत. तीन मीटर कमी पडत होते, आणि त्या तीन मीटरांत निरगुड्यांचं सगळं नशीब अडकलेलं होतं.

“मोठ्या भोकाचं लावू की,” नंदू म्हणाला.

“मोठ्या भोकातून पाणी जास्त पडतं, दाब कमी होतो, धार ढोबळ पडते. मण्यांवर गारा बसल्यासारख्या बसतील.” तिनं एक नोझल उचललं. “हे रुंद फाकणारं, छत्रीसारखं. दिसायला झकास, पण नऊ मीटरच्या पुढं जात नाही. हे सत्तावीस अंश कोनाचं. वर उडतं, लांब जातं, पण वारा सुटला तर आपली सगळी मेहनत भलत्याच्याच बागेत. हे बारा अंशांचं. वाऱ्याला भीक घालत नाही, पण मांडवाच्या तारांवर आपटेल.”

“मग?”

“तेवीस,” ताई म्हणाली, “चार पूर्णांक चार मिलिमीटर, तेवीस अंश. साडेतीन किलोचा दाब मिळाला, तर पंधरा मीटर. मिळाला तर हं.”

त्यांनी लावून पाहिलं. धार उठली, वळली आणि दादांच्या ओळीच्या अर्धा मीटर अलीकडं पडली. ताईनं पंप वाढवला. इंचभर पुढं. मग ती शिडीवर चढली आणि प्रत्येक स्प्रिंकलरच्या पाठीमागचं दुसरं, छोटं नोझल काढून तिथं बूच ठोकलं.

“ते कशाला होतं?” नंदूनं खालून विचारलं.

“लागत नाही ते,” ताई म्हणाली. “सोड पाणी.”

चारही धारा एका दमात बांध ओलांडून गेल्या आणि दादांच्या ओळीवर कोसळल्या. टकटकटक करत स्प्रिंकलर फिरला, परत आला, पुन्हा फिरला. ताईनं घड्याळ बघितलं. बत्तीस सेकंद! नंदूनं चक्क उडी मारली. शेहेचाळीस वर्षांचा माणूस चिखलात उडी मारतोय, हे बघायला ताई आणि खंड्याशिवाय कुणी नव्हतं, हे बरंच.

ताईच्या शेततळ्यात तेवढं पाणी नव्हतं, म्हणून नंदूनं आपल्या तळ्यातून तिच्या तळ्यात तीन इंची पाइप टाकला. पाइप बांधावरून गेला. दिवस मावळायच्या आत काम झालं. मांडवाला बर्फाचं वजन पेलावं म्हणून अर्चनानं आणि नंदूनं ओळीला बांबूचे टेकू दिले.

सोमवारी पहाटे साडेचारला पारा एक अंशावर आला आणि ताईनं पंप सुरू केला. आधी सुरू करायचं, गारठा शून्यावर येण्याच्या आत, हे तिनं दहा वेळा बजावलं होतं. नंदूच्या आतल्या बागेत अचूकच्या पाकळ्या उघडल्या, तिथली काळजी नव्हती. काळजी बांधाची होती. डोक्याला दिवे बांधून तिघं उभी राहिली. पाच वाजता उणे एक. साडेपाचला उणे तीन. बॅटरीच्या उजेडात काड्यांवर काचेसारखा थर दिसू लागला, मग पानांवर, मग मण्यांच्या टोकांना बारीक बारीक सुळे लोंबू लागले. मांडवाच्या तारा कुरकुरत होत्या.

“मेलं का गं सगळं?” नंदू कुजबुजला.

“उलट. पारदर्शक आहे बघ. पारदर्शक म्हणजे पाणी पुरतंय. दुधाळ झालं तर भ्यायचं.”

सहा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या स्प्रिंकलरची टकटक थांबली. पहाटेच्या शांततेत ती थांबलेली आधी नंदूलाच ऐकू आली. त्याच्या फिरणाऱ्या दांडीच्या स्प्रिंगवर बर्फ चढला होता. धार एकाच जागी पडत होती आणि ओळीतल्या चार वेली उघड्या पडल्या होत्या. पारा उणे पाच.

“गरम पाणी!” ताई ओरडली.

अर्चना दोन किटल्या घेऊन धावली. नंदू शिडीवर चढला आणि पाणी ओतलं. बर्फ सुटला, दांडी चार वेळा टकटकली आणि पुन्हा अडकली. दोन्ही किटल्या संपल्या तरी तेच. सूर्य उगवायला अजून तासभर होता, आणि उगवायच्या वेळीच थंडी सगळ्यात कडक असते. खाली उभ्या ताईच्या हातात घड्याळ होतं. “दोन मिनिटं झाली, नंदू!”

नंदूनं विचार केला नाही. त्यानं हातानं स्प्रिंकलरचं डोकं धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. पाणी मनगटावरून बाहीत, बाहीतून पोटापर्यंत उतरत होतं. ताई खालून आकडे म्हणू लागली. “तीस... आला... तीस... आला...” चार वेलींवर पाणी पडत होतं, गोठत होतं, पुन्हा पडत होतं. नंदूला बोटं कळेनाशी झाली. मग हात कळेनासे झाले. तो मोठमोठ्यानं दादांना शिव्या घालू लागला, प्रेमानं, कारण हसू येत होतं आणि रडूही, आणि शिव्यांत दोन्ही मावतात. खाली ताईसुद्धा हसत होती. “दादा असते तर म्हणाले असते, ह्याला एकदा तरी काम करताना बघितलं!”

सात वाजून दहा मिनिटांनी ऊन आलं आणि सगळी बाग एकदम पेटल्यासारखी झाली. आठ एकरांचा मांडव बर्फात बंद होता आणि त्यातून ऊन आरपार जात होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबल्या. माणसं उतरून नुसती बघत राहिली. नंदू शिडीवर तसाच होता, हात हलतच होते. “पुरे,” ताई म्हणाली. “ये खाली. आता दांडी मोकळी होईल.” पण पाणी मात्र तिनं बंद केलं नाही. बर्फ वितळेपर्यंत बंद करायचं नसतं, नाहीतर शेवटच्या घडीला घात होतो.

साडेनऊला बर्फ सुटायला लागला. काचेच्या बांगड्या फुटाव्यात तसे आवाज बागभर येऊ लागले. नंदूनं घोंगडीतून हात बाहेर काढला, दादांच्या ओळीतल्या तिसऱ्या वेलीचा एक घड धरला आणि बर्फाचं कवच दोन बोटांनी फोडलं. आत मणी हिरवा होता. पान हिरवं होतं. काडी नखानं खरवडली तर ओली, जिवंत. त्यानं पहिल्या वेलीपासून चौदाव्या वेलीपर्यंत प्रत्येक काडी खरवडली. चौदाच्या चौदा.

“ताई! चौदा!” तो ओरडला आणि पळत बांध ओलांडून तिच्याकडं गेला.

आणि थांबला. ताईच्या चारही स्प्रिंकलरच्या पायाशी चार गोल पडले होते. प्रत्येक गोल सहा-सात वेलींचा. तिथली पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट लोंबत होती, मणी आत्ताच तपकिरी पडू लागले होते. बाकी सगळीकडं हिरवं आणि बरोबर खांबाच्या पायाशी काळं.

नंदूला बूच आठवलं.

“ते पाठीमागचं छोटं नोझल,” तो म्हणाला. “ते पायाशी पाणी टाकायचं.”

“हो.”

“दिव्याखाली अंधार.”

“स्प्रिंकलरखाली कोरडं. मोठी धार लांब गेली की पायाशी काही पडत नाही. ते भरायला ते छोटं असतं. पण ते चालू ठेवलं असतं तर दाब पुरला नसता.” ताई काळवंडलेलं पान हातात चुरगळत होती. “पंचवीस-सव्वीस वेली गेल्या. माझ्या साध्या वाणाच्या आहेत. पुन्हा लावता येतात. दादांच्या नसत्या आल्या.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू बूच लावू दिलं नसतंस.”

हे पुरतं खरं नव्हतं, आणि म्हणूनच नंदूला लाज वाटली. शनिवारी त्यानं नक्कीच लावू दिलं असतं. रविवारी दुपारी कदाचित नसतं. तो तिथंच ओल्या मातीत बसला. ताईनं त्याच्या डोक्यावरून पाणी निपटलं, लहानपणी विहिरीवरून आल्यावर निपटायची तसं.

“लांब टाकायचं तर कोणताच स्प्रिंकलर स्वतःचे पाय भिजवू शकत नाही, नंदू,” ती म्हणाली. “म्हणून तर आखणी करताना एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत न्यायचं असतं. पहिल्याच वर्षाला शिकवते मी. तुझ्या त्या यंत्राला कुणी शिकवलं नाही.”

बुधवारी सकाळी कंपनीचा तंत्रज्ञ आला. बांधावर टेबल टाकलं, त्यावर सह्यांचा कागद ठेवला. “दोन्ही मालकांच्या सह्या लागतील,” तो म्हणाला. नंदूनं आधी केली. मग त्यानं पेन ताईपुढं धरलं. चार वर्षांपूर्वी असंच धरलं होतं. ताईनं पेनाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. या वेळी तिनं टोपण बाजूला ठेवलं आणि सही केली. निरगुडे भावंडांच्या सह्या एका कागदावर आल्या, त्या अशा.

“आता नवीन सीमा कुठं धरू, सर?” तंत्रज्ञानं विचारलं. “दोन्ही शेतं एक करू?”

“नको,” नंदू म्हणाला. “शेतं दोनच. तिचं ते तिचं. पण माझ्या नोझलांची ही शेवटची रांग आहे ना, त्या रांगेची धार ताईच्या स्प्रिंकलरच्या पायापर्यंत टाका. आणि दादांच्या ओळीवर माझं एकही नोझल नको. ती ओळ तिच्या पितळी स्प्रिंकलरवर.”

तंत्रज्ञानं मान वर केली. “सर, म्हणजे त्यांनी पंप सोडला नाही, तर तुमची सगळ्यात महत्त्वाची ओळ कोरडी राहील. आणि तुम्ही सोडलं नाही तर त्यांची. दोघांना रोज एकाच वेळी सोडावं लागेल. सिस्टिमच्या दृष्टीनं ही आखणी फार गैरसोयीची आहे.”

“आहेच,” नंदू म्हणाला. खिशातून कात्री काढून तो दादांच्या ओळीकडं वळला. पहिल्या वेलीची एक पक्की काडी त्यानं कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि ताईच्या हातात दिली. मग दुसऱ्या वेलीची कापू लागला.

ताईनं ती गुंडाळी दोन्ही हातांत धरली. “गैरसोयीची म्हणजे किती,” ती म्हणाली, “रोज सकाळी मला फोन करावा लागेल तुला. ताई, पाणी सोडू का म्हणून. रोज.”

“मग?” नंदू पाठ न वळवता म्हणाला. “म्हणून तर तशी करून घेतली.”